मांडीखालची मलमपट्टी

विमा कंपनीच्या क्लेम विभागात मी तेहतीस वर्षं काढली. काय जळेल, काय बुडेल, कोण कशावरून घसरून पडेल हे आधी हेरायचं, हाच माझा धंदा. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. बायको म्हणते, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. माझी मात्र वटार गावातल्या एका ओट्यावर गेली, रंभाताईंमुळे. पूर्ण नाही, पण बरीच गेली.

रंभाताई म्हणजे माझ्या ऑफिसातल्या रीमाची सासू. वय चौसष्ट. घरामागे केळीची वाडी, आणि राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करणाऱ्या त्यांच्या आळीत आता त्या एकट्याच. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी सासू अंथरुणाला खिळली. अकरा वर्षं तिचं केलं. मग दिराचं आजारपण, मग नवऱ्याला अर्धांगवायू. आळीत कोणाला ताप आला तरी काढा यांच्याकडूनच जायचा. रंभाच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. हाताला गुण असलेल्या बाईला लोक दोन घटका बसू देत नाहीत, हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

नवरा गेल्यावर घर फार शांत झालं, म्हणून दोन वर्षांपूर्वी रीमाने पत्त्यांचा एक खेळ आणला. एरवीसारखा एकमेकांना हरवायचा खेळ नव्हे. चौघांनी चार महानायक घ्यायचे, प्रत्येकाने आपापल्या नायकाचा चाळीस पत्त्यांचा डेक स्वतः निवडून जुळवायचा आणि मिळून एका खलनायकाशी लढायचं. खलनायकाचे पत्ते कोणी खेळत नाही. दर फेरीला वरचा एक उलटायचा आणि तो सांगेल ते भोगायचं. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. पत्ते इंग्रजीत होते, म्हणून रीमाने प्रत्येकावर मराठी चिठ्ठी चिकटवली आणि नावंही तिनेच ठेवली. खलनायक लोहमुख. मी तटबंदी: ढाली, भिंती आणि चार मलमपट्ट्या. रीमाचा वारा. चौथा गडी शेजारच्या आळीतला बॅप्टिस्ट, वालीवच्या कारखान्यात लेथवर काम करणारा, त्याचा घणवीर.

रंभाताईंना आम्ही काय दिलं? संजीवनी. सगळ्यांच्या जखमा भरणारी. कोणी विचारलंदेखील नाही. दर रविवारी दुपारी आम्ही तिघं लढायचो आणि ताई आमचे जीव भरत बसायच्या. मधूनच चहा ठेवायलाही त्याच उठायच्या. त्या स्वतः संजीवनीच्या डेकला 'दवाखाना' म्हणायच्या. आम्ही हसायचो.

लोहमुखाला सर्वांत अवघड पातळीवर आम्ही दोन वर्षांत एकदाही हरवलं नव्हतं. त्या पातळीवर एक जरी नायक पडला, म्हणजे त्याचे सगळे जीव संपले, तरी सगळे हरतात. आणि फार वेळ लावला तर त्याचा कट पूर्ण होतो आणि नायकांनी राखायचं शहर जातं.

फेब्रुवारीत एका रविवारी ताईंनी दवाखाना बाजूला सारला आणि नवाच डेक पुढे ठेवला. नायिकेचं नाव वणवा. आठवडाभर वाडीतून आल्यावर सगळे पत्ते जमिनीवर मांडून त्यांनी तो एकटीनेच जुळवला होता. मी तो चाळून पाहिला. ढाल एक नाही. औषध एक नाही. प्रत्येक पत्ता आधी स्वतःचे जीव मागणारा: तीन द्या मग मारा, दोन द्या मग मारा. जितके जीव गमवाल तितकी ताकद. आणि 'शेवटची ठिणगी' नावाचा एक पत्ता, जो वणव्याच्या बारा जिवांपैकी नेमका एक उरला असेल तरच खेळता येतो. तेव्हा जेवढे जीव गेले त्याच्या दुप्पट मार.

"ताई, ही आत्महत्या आहे," मी म्हणालो.

"मेंढीकोटात मी कोनाला ऐकले नाय, रमेशभाऊ," त्या म्हणाल्या. "लग्नघरात माज्यासमोर बसायला पुरुष घाबरायचे. सासरी आले आन पत्ते सुटले. आता सुटायचे नाय."

पहिला रविवार हरलो. दुसरा हरलो. तिसराही. तिन्ही वेळा एकच गोष्ट झाली. ताईंचे जीव दोन-तीनवर आले की माझा हात आपोआप मलमपट्टीकडे जायचा. त्या "भाऊ, नको" म्हणायच्या. मी म्हणायचो, "काळजी करू नका ताई, मी आहे ना." त्यांचे जीव भरायचे, ताकद ओसरायची, ठिणगी हातात तशीच राहायची आणि दोन फेऱ्यांनी कट पूर्ण व्हायचा.

तिसऱ्या रविवारी मी सभ्य शब्दांत प्रस्ताव मांडला. हा डेक चौघांना बुडवतोय; पुढच्या वेळीही हरलो, तर ताईंनी पुन्हा संजीवनी घ्यावी, आणि कायमची. बॅप्टिस्ट खाली बघत राहिला. रीमा म्हणाली, "सर, इट्स ओन्ली अ गेम," पण माझ्या विरोधात गेली नाही. ताईंनी पत्ते गोळा केले.

"बरं. हरले तर उघडीन दवाखाना," त्या म्हणाल्या. चहा मात्र त्या दिवशी त्यांनी केला नाही.

घरी जाऊन मला चैन पडेना. बुधवारी स्कूटर काढून विरारहून वटारला गेलो, म्हटलं जरा समजूत काढावी. ओट्यावर कोणी नव्हतं. ताई वाडीत पंप बघायला गेल्या होत्या. अंगणात बांबूच्या ताट्यांवर सोललेली राजेळी केळी वाळत होती, तीन दिवसांची, नुकती कुठे तांबूस व्हायला लागलेली. एवढ्यात ऊन गेलं. वर पाहतो तर चांगला काळा ढग. मार्च महिन्यात! माझ्यातला क्लेमवाला खडबडून जागा झाला. कोपऱ्यात निळी प्लॅस्टिकची ताडपत्री होती. ती मी सगळ्या ताट्यांवर ओढली, कडांवर विटा ठेवल्या आणि मोठ्या समाधानाने ओट्यावर बसलो. थेंबही पडला नाही. ढग गेला, पुन्हा ऊन तापलं, आणि मी पेंगत होतो.

तासाभराने ताई आल्या. त्यांनी विटा अक्षरशः लाथेने उडवल्या. ताडपत्री ओढली तर खालून वाफ आली. केळी घामेजली होती, बोट लावलं की चिकट.

"कोनी सांगितलं तुमाला?" त्या ओरडल्या. एवढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "उघडं ठेवलंय ते उघडंच वाळतं! सोललं की त्याला ऊन लागलंच पायजे. झाकलं की आंबतं. पाऊस आला असता तर माजं नशीब. तो आला नाय, पन तुमी आलात!"

मी माफी मागितली. तुमच्या भल्यासाठीच केलं, असंही म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

"तेच तर," त्या म्हणाल्या आणि धापा टाकत पायरीवर बसल्या. "रविवारी पन तुमी हेच करता. माज्या भल्यासाठी. मी अंगावर घेऊन घेऊन वर आनते आन तुमी वरून ताडपत्री टाकता. आख्खा जलम मी दुसऱ्यांची दुखनी काढली, भाऊ. मला कोनी कदी विचारलं नाय, की रंभा, तुला मारायचंय का एकदा?"

दोन ताट्या केळी गेली. उरलेली आम्ही दोघांनी एकेक करून उलटी केली.

रविवारी पत्ते वाटण्याआधी ताई मला म्हणाल्या, "मलमपट्टी हातात आली, की मांडीखाली ठेवायची. सगळ्यांसमोर." बॅप्टिस्ट खो खो हसला. मी कबूल झालो. दुसऱ्याच फेरीत एक मलमपट्टी आली आणि मी तिच्यावर बसलो.

खेळ जमत गेला. रीमाच्या वाऱ्याने कट दोनदा मागे ढकलला, बॅप्टिस्टच्या घणवीराने लोहमुखाचं चिलखत फोडलं, आणि ताई प्रत्येक फेरीला स्वतःचे जीव देऊन मारत होत्या. बारा, नऊ, सात, चार. मग त्यांनी आणखी तीन दिले. वणव्याचा एकच जीव उरला.

लोहमुखाचे एकवीस जीव उरले होते. ताईंनी हातातली ठिणगी आम्हाला दाखवली. गेलेले जीव अकरा, दुप्पट बावीस. पुरत होते! पण एका फेरीत प्रत्येकाने एकच पत्ता खेळायचा असतो आणि ताईंचा खेळून झाला होता. मधे लोहमुखाची पाळी होती. त्याच्या गठ्ठ्यात आठ पत्ते उरले होते. त्यातले तीन असे, की कुठलाही निघाला तर वणवा पडणार, आणि वणव्याबरोबर आम्ही सगळे.

आठात तीन. असा विमा मी उतरवलाच नसता. मलमपट्टी केव्हाही खेळता येते. खेळली असती तर एकाचे चार झाले असते, ताई वाचल्या असत्या, ठिणगी वाया गेली असती आणि आम्ही अजून दोन फेऱ्या तगून हरलो असतो. दोन वर्षं तेच करत होतो मी. हळूहळू हरत होतो आणि त्याला सावधगिरी म्हणत होतो.

हात मांडीकडे गेला. खरं सांगतो, पत्त्याचा कोपरा बोटांत आला होता. ताई माझ्याकडे बघत होत्या. मी हात वर काढला, दोन्ही हातांची घडी घातली आणि म्हणालो, "बॅप्टिस्ट, उलट."

"जेजू!" म्हणत बॅप्टिस्टने छातीवर क्रुसाची खूण केली आणि पत्ता उलटला. रीमाने वाचला, "ज्याचे जीव सर्वांत जास्त, त्याच्यावर सहाचा मार."

सर्वांत जास्त जीव कोणाचे असणार? इतकी वर्षं ढालींआड बसलेल्या माझ्या तटबंदीचे! सहाच्या सहा मी घेतले. कुठलाही मार खाऊन मला इतका आनंद झालेला नाही.

रंभाताई उठून उभ्या राहिल्या. बसून खेळायचा खेळ आहे, पण त्या उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि ठिणगी अशी आपटली की पाटावरच्या जीव मोजायच्या सोंगट्या उडाल्या. "बावीस!" त्या म्हणाल्या. मग पुन्हा, आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात, "बावीस!"

बॅप्टिस्टने ओट्याचा खांब बडवला. रीमा सासूच्या गळ्यात पडून "आई, आई, काय मारलंत!" म्हणत नाचत होती. शेजारची माणसं कुंपणाशी आली, त्यांना वाटलं लॉटरी लागली. ताई त्यांनाही सांगत होत्या, बावीस मारले म्हणून. त्यांना काही कळलं नाही, तरी ते हसले. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवले नाहीत.

चहा त्या दिवशी मी केला. साखर जास्त पडली, पण सगळ्यांनी प्यायला. मांडीखालची मलमपट्टी काढली तर ती गरम होऊन चांगलीच वाकली होती.

निघताना ताईंनी मला थांबवलं. सुकेळी बांधतात तशी केळीच्या सोपटात, म्हणजे बुंध्याच्या वाळक्या सालीत, बांधलेली एक पुडी त्यांनी माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, वाचलेल्या केळ्यांची असेल. पण पुडी जड नव्हती. सोपट बाजूला करून पाहिलं, तर आत संजीवनीचा आख्खा डेक होता.

"चाळीस वर्सं मी चालवला दवाखाना, रमेशभाऊ," रंभाताई म्हणाल्या. "आता तुमी चालवा."