तुडूम उघडण्याआधीची गोष्ट

शाळेत आम्ही जो भंडारा जिल्हा पाठ केला, तो मी कॉलेजात जाईपर्यंत निम्मा उरला होता. पूर्वेकडचा भाग गोंदियाला गेला. गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशावर खडूने रेघ मारली आणि सांगितलं, रेघेपलीकडचं आता परीक्षेत येणार नाही. आम्हाला आनंदच झाला. नद्या कमी झाल्या होत्या.

पुढे नागपूरला इतिहासात एम.ए. करताना ही आठवण मी आमच्या सरांना सांगितली, तेव्हा ते खुर्चीतून उठले. म्हणाले, "पाहा. जिल्हा म्हणजे एक कथन आहे. सत्तेने खडू उचलला आणि कथन बदललं." मी मान डोलावली. मला तोपर्यंत जिल्हा म्हणजे जिल्हाच वाटत होता.

सरांबद्दल मी हसून लिहितो आहे, पण त्यांचे उपकार मोठे आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीचं तोंड पाहिलं नव्हतं. सरांनी मला स्वतःच्या कपाटातली पुस्तकं दिली, मेसला सुट्टी असली की घरी जेवायला बोलावलं, आणि माझ्या बोलण्याला वर्गात कुणी हसलं तर त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा हसला नाही. त्या वर्षांत सरांना उत्तर-आधुनिकता नवीन लागली होती. इतिहासात सत्य नसतं, सत्याचे दावे असतात. प्रत्येक दाव्यामागे सत्ता असते. घटना गेली, उरली ती संहिता. ही वाक्यं मी पाढ्यांसारखी पाठ केली. पानिपत झालं की नाही असं कुणी विचारलं तर मी म्हणे, "कुणाच्या दृष्टीने?" माझे गुण वाढले.

लघुप्रबंधासाठी मी आमच्या गावचा तलाव घेतला. आमचं गाव भंडाऱ्यातल्या करडी गावाच्या बाजूला, सारं धानाचं. तलावाला मातीची लांब पाळ, आणि पाळीच्या पोटातून पाणी सोडायची जागा, तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. आश्विनात धान निसवायला आलं की शेवटचं पाणी लागतं. ते मिळालं तर दाणा भरतो, नाही तर लोंब्या पोचट. त्या दिवशी सारं गाव पाळीवर जमतं आणि तुडूम उघडण्याआधी एक म्हातारा गोष्ट सांगतो. गोष्ट सांगितल्याशिवाय पाणकर, म्हणजे पाणी वाटणारा माणूस, तुडुमाला हात लावत नाही.

गोष्ट लहानशी आहे. फार पूर्वी एका पावसात पाळ फुटली. पाळीजवळ ज्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, ते वरचे लोक आपली गुरं घेऊन उंचावर गेले. खालच्या टोलीचे लोक टोपल्या घेऊन आले आणि त्यांनी फुटलेल्या जागेची खांड मातीने बुजवली. तेव्हा ठरलं की शेवटचं पाणी आधी खालच्या टोलीला, मग वर वर येत पाळीजवळच्यांना. म्हणजे ज्याची बांधी तलावापासून सर्वांत लांब, त्याचा पहिला नंबर. गाव हे अजून पाळतं. आमच्या बांध्या खालच्या टोलीत, अगदी शेपटाला.

सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मला यायचंच आहे. इथे कथन पाण्यावर राज्य करतं आहे."

त्या वर्षी पाऊस लवकर निघून गेला होता. तलाव निम्मा होता. सगळ्यांना पुरणार नाही हे लहान पोरालाही दिसत होतं. ज्याच्याकडे पाणी आधी जाईल त्याचं धान होईल. अशा वर्षी मी पाहुणा आणला.

सर एस.टी.ने आले. आईने लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते. सरांनी आठ-दहा खाल्ले आणि आईला विचारलं की या वड्यांमागची स्मृती काय. आई म्हणाली, "काल भिजू घातली होती डाळ." बाबा पाळीवर जाताना मला हळूच म्हणाले, "तुह्ये सर बोलतीन का तेथं?" मी म्हटलं, दोन शब्द बोलतील. बाबा म्हणाले, "मंग गोष्टीच्या मंगं बोलाले लाव."

पण पाहुण्याला मागे ठेवायची आमच्याकडे रीत नाही. सरपंचाने नारळ दिला, दुपट्टा घातला आणि आधी सरांनाच उभं केलं. सरांची भाषा पुस्तकी, म्हणून शेजारी उभा राहून मी आमच्या झाडी बोलीत सांगू लागलो.

सर म्हणाले, "प्रत्येक कथन हे कुठल्या तरी हितसंबंधाचं अपत्य असतं."

मी सांगितलं, "सर म्हणतेत, जो तो आपल्या सोयीची गोष्ट सांगते."

लोकांनी माना डोलावल्या. हे त्यांना माहीत होतं.

"म्हणून कुठल्याही एका कथनाला अंतिम सत्य मानता येत नाही."

"सर म्हणतेत, कोन्तीच गोष्ट पक्की खरी नाही."

यावर एक माणूस सावरून बसला. पाळीला लागून ज्यांच्या बांध्या, ते आमचे पाटील. एरवी ते या दिवशी पेंगत असत. ते म्हणाले, "बराबर बोलले सर. मंग माही बी गोष्ट आयका. माहा आजा सांगे, खांड त्यानंच बुजवली. खालच्या टोलीचे लोक पाहाले आले होते."

"टोपल्या घेऊन पाहाले आले का?" माझी काकी बायकांमधून म्हणाली.

"टोपल्यात भाकरी होत्या," पाटील म्हणाले. लोक हसले, आणि हसले म्हणजे गोष्ट अर्धी खपली. "दोन गोष्टी झाल्या. दोन्ही सारख्या. मंग न्याव असा का पाणी जसं वाहते तसं जाऊ द्या. वरून खाली. आधी जवळचा, मंग लांबचा."

सर खुश होऊन लिहीत होते. माझ्या कानाशी म्हणाले, "प्रति-कथन जन्माला येतंय. आपल्या डोळ्यांदेखत." मी बाबांकडे पाहिलं. बाबा दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होते. आमच्या धानाच्या लोंब्या बाहेर आल्या होत्या.

मग ज्याला त्याला गोष्ट सुचू लागली. एकाच्या मते पाळ त्याच्या आईच्या माहेरच्यांनी बांधली. एकाने वाघ आणला. दर गोष्टीला सर "हं, हं" करत, आणि लोकांना वाटे की शहाणा माणूस मान्य करतो आहे. गोष्ट सांगणारा म्हातारा, सारं गाव त्याला आजाच म्हणतं, एका कडेला बसून तंबाखू मळत राहिला. पाणकराने विचारलं, "कोन्त्या अंगानं सोडू, ते सांगून द्या ना बावा." दोन-तीन जण म्हणाले, वरूनच सोड.

मला त्या क्षणी एक शंका आली. मी ती सरांना मोठ्याने विचारली, कारण वर्गात शंका मोठ्याने विचारायची सवय त्यांनीच लावली होती. "सर, सातबारा हीसुद्धा संहिताच का?"

सरांनी चष्मा काढला. एवढा चांगला प्रश्न मी कधी विचारला नव्हता. "अर्थातच. सातबारा ही तर सत्तेची सर्वांत शुद्ध संहिता. तलाठी हा निवेदक. जमीन कुणाची, याचंही सत्य नसतं, दावे असतात."

मी सांगितलं, "सर म्हणतेत, सातबारा बी गोष्टच हाय. तलाठ्यानं सांगितलेली. पक्की खरी तेही नाही."

सगळे पाटलांकडे पाहू लागले. पाटलांच्या बांध्यांपैकी दोन जुन्या लोकांच्या आठवणीत तलावाच्या बुडीत जागेत होत्या. त्या कोरड्या कशा झाल्या आणि पाटलांच्या नावावर कशा चढल्या, याच्याही गावात गोष्टी होत्या. फक्त त्या पाळीवर बसून कुणी सांगत नसे.

काकीने पदर खोचला. "बेस झालं. मंग आता त्या बुडीतल्या बांध्यायची गोष्ट मी सांगू का, पाटील? माहीपाशी चांगली हाय. वाघ नाही तिच्यात."

"सांग वो बाई, सांग," मागून कुणीतरी म्हणालं.

पाटील उठले. धोतर झटकलं. "कायले वाढवून राहिले बे? ऊन चढून राहिलं. गावाची एकच गोष्ट असते. वाडवडलानं सांगितली ते खरी. आजा, सांगा तुम्ही."

आजाने तंबाखू तोंडात टाकली आणि गोष्ट सांगितली, नेहमीची, एक शब्द इकडे-तिकडे न करता. पाणकराने तुडूम उघडलं आणि वरच्या बांध्यांची तोंडं मातीने बंद केली. सर जरा नाराज झाले. "महाकथन परत आलं," ते म्हणाले, आणि वहीत तसं लिहिलं.

मी तो प्रश्न मुद्दाम विचारला का, असं गावात लोक अजून विचारतात. सरांनीच शिकवलं आहे की बोलणाऱ्याचा हेतू शोधायच्या फंदात पडू नये.

संध्याकाळी पाणी आमच्या बांधीत पोचलं. सर शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बूट हातात घेऊन उभे होते. बाबांनी पाणी आत आल्याचं पाहिलं, जरासे हसले आणि इतकंच म्हणाले, "आलं." त्या वर्षी आमचं धान झालं. पाटलांचंही बरंचसं झालं. मोठ्या माणसाचं होतंच. सरांचा लेख आला. त्यात आमचं गाव "सत्योत्तर जलसमाज" होतं आणि मी "एक स्थानिक दुभाषी". बाबांनी तो अंक देवघरात ठेवला.

पुढच्या आश्विनात पाटील स्वतः आमच्या ओट्यावर आले. चहा घेतला. म्हणाले, "यंदा तुह्या सराले नको आणू बापू. आपली गोष्ट हाय तशी बरी हाय." सर तर तेव्हा बदलून औरंगाबादला गेले होते. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा म्हणाले, "पाहू. येतो म्हणते ते. त्यायले लय आवडलं आपलं गाव."

तेव्हापासून दर वर्षी तुडूम उघडायच्या आधी बाबा बाजारात कुणाला तरी सहज सांगतात की नागपूरहून सरांचा फोन होता. पाणी आजही आधी खालच्या टोलीला सुटतं.