पाण्यात घालू नये

गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानाला खेटून एक अरुंद दुकान आहे. त्याला पाटी नाही आणि पाटीचं अडतही नाही. चार पावलं आधीच गरम कापडाचा वास येतो आणि माणसाला आठवतं, अरे, आपला शर्ट आत पडून आहे. दुकानाची मालकीण पंचावन्नच्या पुढची. उंची बेताची, आवाज मुळीच बेताचा नाही. अख्खी गल्ली त्यांना मावशी म्हणते. त्यांचे यजमान, म्हणजे लिफ्ट दुरुस्तीतून निवृत्त झालेले काका, त्यांना घरात मुकादम म्हणतात. अर्थात त्या ऐकायला नसताना.

मावशींना दोन गोष्टींचा अभिमान. पहिला हाताचा. इस्त्रीवर आकड्यांची चकती होती, पण तिच्याकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. हाताची पालथी बाजू इस्त्रीसमोर वीतभर अंतरावर धरायची, क्षणभर थांबायचं आणि निकाल द्यायचा. "रेशमाला चालेल." "सुतीला अजून वेळ आहे." तीस वर्षांत एकच कपडा जळला, तोही काका मदतीला आले होते त्या दिवशी.

दुसरा अभिमान चिठ्ठ्यांचा. कपड्याच्या कॉलरला टोचते म्हणून लोक आतली पट्टी कापून टाकतात आणि मग तो कपडा कसा धुवायचा हे कुणालाच कळत नाही. मावशी कापड बोटांत चोळून बघत आणि आपल्या हाताने पिवळी चिठ्ठी लिहून टाचणीने लावत. 'उलटा करून इस्त्री.' 'सावलीत वाळवणे.' आणि सगळ्यात नाजूक मालाला, दोन रेघा मारून, 'पाण्यात घालू नये'.

"कपडा सांगत असतो हो," त्या गिऱ्हाइकांना ऐकवत. "आपल्याला वाचायला नको असतं."

त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत, कपडे भिजवायच्या निळ्या टबात, चार वर्षं घाईराव राहत होता.

घाईराव हे कासव. मुलीच्या मैत्रिणीने गाव बदलताना ते मुलीला दिलं आणि मुलीने नोकरीसाठी गाव बदलताना ते आईला दिलं. "आई, कासवच तर आहे. पाणी बदलायचं आणि खायला टाकायचं, बस." मावशी कुठलंही काम अर्धवट करणाऱ्या नव्हेत. त्या रोज सकाळी टब घासत, चार बोटं स्वच्छ पाणी भरत, एका बाजूला फरशीचा तुकडा ठेवत. घाईराव दिवसभर त्या तुकड्यावर उभा राहून टबाच्या कडेवर नखं खरवडी.

"व्यायाम करतोय," काका म्हणत. "तुझ्यापेक्षा नियमित आहे."

दुपारी मावशी त्याला जमिनीवर सोडत. नाव काही असो, त्या वेळी तो खरंच घाई करी. सरळ इस्त्रीच्या टेबलाखाली, जिथे फरशी उबदार असे, तिथे जाऊन पाय पसरी. संध्याकाळी मावशी त्याला उचलून प्रेमाने पुन्हा पाण्यात ठेवत. "जा राजा, आपल्या घरी जा."

यंदा थंडी सरता सरता घाईरावाने खाणं सोडलं. दूध-पाव तर नाहीच, काकडीकडेही बघेना. त्याच सुमाराला समोर प्राण्यांचा दवाखाना उघडला आणि तिथली तरुण डॉक्टरीण आपले पांढरे कोट इस्त्रीला घेऊन आली. कोट मोजता मोजता तिची नजर मागच्या खोलीत गेली.

"मावशी, ते टबात काय आहे?"

"कासव आहे आमचं. जेवत नाही हो आठ दिवस. बघता का जरा?"

डॉक्टरीण आत गेली, बाह्या सारून घाईरावाला उचललं, उलटसुलट पाहिलं. कवचाच्या कडेवर अंगठा दाबला, तर ती किंचित दबली. मग तिने त्याचा मागचा पाय धरून मावशींना दाखवला.

"हा पाय पोहण्याचा वाटतो का तुम्हाला?"

मावशींनी चष्मा वर केला. बदकाला असतो तसा बोटांमध्ये पडदा नव्हता. टेबलाच्या पायासारखा जाड, गोल खांब होता.

"हे जमिनीवरचं कासव आहे, मावशी. याला पाणी प्यायला हवं आणि आठवड्यातून दोनदा पाय बुडतील इतकं, आंघोळीपुरतं. राहायला कोरडी जमीन आणि ऊन."

"पण कासव ना ते?" मावशी म्हणाल्या.

"तोच तर घोळ आहे. आपल्याकडे शब्द एकच. पाण्यातलंही कासव, जमिनीवरचंही कासव. नुसतं कासव म्हटलं की लोक पाणी ओततात. तुम्ही काही पहिल्या नाही."

मावशी खाली बसल्या. तीस वर्षं लोकांच्या कपड्यांवर पाण्यात घालू नये, पाण्यात घालू नये असं लिहिणाऱ्या बाईने चार वर्षं रोज, हौसेने, ताजं पाणी भरून... "तो व्यायाम करत नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "तो बाहेर यायला बघत होता."

काकांनी टब उचलला आणि पाणी मोरीत ओतून दिलं.

डॉक्टरीण गोड बोलत होती, पण आडपडदा न ठेवता बोलत होती. कवच मऊ पडलंय, हा आता खाल्ल्याशिवाय टिकणार नाही. दूध-पाव पूर्ण बंद. गवत, जास्वंदीची पानं, फुलं, वरून हाडांसाठी ती देईल ती पूड. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, खिडकी उघडी हवी. एका टोकाला दिव्याची चांगली ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, म्हणजे त्याचं तो ठरवील. "सहा आठवडे बघू. वजन वाढलं नाही, तर माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, मोठं अंगण आहे, अशीच चार कासवं आहेत त्यांच्याकडे. तिकडे देऊ या."

"देऊ या म्हणजे?"

"त्याच्या भल्यासाठी, मावशी."

मावशींनी कोटांवर चिठ्ठ्या लावल्या. तीन कोट आणि टाचण्या चार लागल्या, कारण एक बोटात गेली.

दुसऱ्या दिवशी शोध सुरू झाला तो जागेचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली लांबी-रुंदी टबाच्या चौपट होती. काकांनी खोलीभर टेप लावली आणि जाहीर केलं, "एक तर कासव राहील, नाहीतर आपण."

"तुम्ही बघा कुठे सोय होते ती," मावशी म्हणाल्या. पण त्यांची नजर भिंतीशी उभ्या असलेल्या जुन्या टेबलावर गेली होती. ज्या टेबलावर त्यांनी धंदा सुरू केला, ते. नवं आल्यावरही त्यांनी ते काढू दिलं नव्हतं. काकांनी दोनदा विषय काढला, दोनदा उपाशी राहायची वेळ आली. मावशींनी त्यावरचं जळकं ब्लँकेट सोडवलं, फळीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "धरा हो तिकडून. उलटं करू."

टेबल पाठीवर पडलं, चार पाय वर. काकांनी पायांना चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या, आत माती आणि वाळलेलं गवत पसरलं. एका कोपऱ्यात बुटांचा खोका आडवा ठेवून झोपायची खोली झाली. एका पायाला आडवी पट्टी लावून त्यावरून दिवा लोंबकळवला.

"तीस वर्षं उभं राहिलं बिचारं," काका कपाळ पुसत म्हणाले. "आता आडवं पडलंय. याला म्हणतात निवृत्ती."

"शिका त्याच्याकडून. ते आडवं पडूनही कामाला आलंय."

धुलाईचे कपडे तोलायच्या काट्यावर पहिल्या रविवारी घाईराव भरला नऊशे चाळीस ग्रॅम. पुढच्या रविवारी नऊशे तीस. तिसऱ्या रविवारी नऊशे बावीस. तो टबातून सुटला होता, पण दिव्याकडे जात नव्हता. खोक्यात मान आत ओढून बसे. जास्वंदीची फुलं तशीच सुकत. काकांनी एकदा लपवून पावाचा तुकडा पुढे केला आणि मावशींनी तो त्यांच्याच तोंडापुढे धरला. "घ्या, तुम्हीच खा. तुमचं कवच कडक आहे."

रात्री मुलीचा फोन आला. "आई, देऊन टाक ना मग. मोठं अंगण आहे म्हणतेस."

"देईन," मावशी म्हणाल्या. "पण बरा करून देईन. बिघडवून मी आजवर कुणाचा माल परत केलेला नाही."

चौथ्या आठवड्यात काकांनी आपल्या लिफ्टच्या हत्यारांच्या पेटीतला तापमापक आणून दिव्याशेजारी टेबलाच्या पायाला बांधला. "हे बघ, तेहतीस. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढंच. यंत्र खोटं बोलत नाही."

मावशी हातातला शर्ट टाकून आल्या. आकड्याकडे त्यांनी सवयीप्रमाणे पाहिलंच नाही. त्या गुडघ्यांवर बसल्या, कोपरापर्यंत हात आत घातला आणि पालथा पंजा खाली, मातीपासून घाईरावाच्या पाठीइतक्या उंचीवर धरला. क्षणभर थांबल्या.

"अहो, हे कोमट आहे."

"तेहतीस आहे!"

"तेहतीस वर आहे, तुमच्या तापमापकाला. घाईराव काय दिव्याला लटकून राहतो? तो खाली राहतो. इथे रुमालाची सुरकुतीसुद्धा जायची नाही."

काकांनी वाकून स्वतः हात धरला. मग तापमापक सोडवून मातीवर ठेवला, वाट पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पंचवीस. ते आयुष्यभर लिफ्ट वरखाली करणारे गृहस्थ. वर-खालीच चुकलं होतं.

"मुकादम," ते म्हणाले, आणि या वेळी समोरासमोर, "दिवा किती खाली घेऊ?"

"घ्या. अजून. थांबा. अर्धं बोट वर. बस."

टबातला फरशीचा तुकडा मावशींनी दिव्याखाली ठेवला. फरशी ऊब धरते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मग दोघं स्टुलांवर बसून राहिली. दुकानात दोन गिऱ्हाइकं हाका मारून परत गेली. बऱ्याच वेळाने खोक्यातून मान आली, मग एक खांब, मग दुसरा. घाईराव फरशीवर चढला, चारी पाय पसरले आणि मान लांबवून डोळे मिटले. अगदी इस्त्रीच्या टेबलाखाली पसरायचा तसा. तासाभराने उठला, शेजारच्या जास्वंदीच्या फुलाकडे तिरकं पाहिलं आणि लचका तोडला. लाल पाकळी त्याच्या तोंडाबाहेर मिशीसारखी लोंबत राहिली.

"हळू," काका कुजबुजले, "आवाज करू नकोस."

"मी कुठे आवाज करतेय? नाक तुमचं वाजतंय."

सहाव्या आठवड्यात डॉक्टरीण नेहमीसारखी कोट न्यायला आली, तेव्हा काट्यावर नऊशे ऐंशी भरले. तिने कवच दाबून पाहिलं. अजून वेळ लागेल, म्हणाली, पण दिशा बरोबर आहे. टेबलाला तिने चारी बाजूंनी पाहिलं, मातीवरचा तापमापक वाचला.

"हे तापमान इतकं नेमकं कसं जमवलं?"

मावशींनी नुसता पालथा हात दाखवला.

"त्या गृहस्थांना कळवू का मग, की अंगणाची गरज नाही?"

"कळवा. आणि म्हणावं, त्यांच्या कासवांचे पायही एकदा नीट बघून घ्या."

डॉक्टरीण हसत निघाली आणि टेबलाच्या पुढच्या फळीशी थबकली. तिथे टाचणीने एक पिवळी चिठ्ठी लावलेली होती, ठसठशीत अक्षरात, खाली दोन रेघा मारून:

'कोरडा माल. ऊन द्यावे. पाण्यात घालू नये.'