बावीस नातवंडांची जलसंजीवनी

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत माझी सगळी नोकरी झाली. शेवटची नऊ वर्षं घोड नदीकाठच्या एका गावात आरोग्यसेवक होतो. त्या गावातल्या एका बाईला लोक अजून ‘लेकराचं औषध मेंढरांना पाजणारी’ म्हणून ओळखतात. मेंढरांना पाजायला ते औषध मी दिलं होतं. हे सांगायला मला सतरा-अठरा वर्षं लागली.

गावात मला सगळे डॉक्टर म्हणत. खऱ्या डॉक्टर म्हणजे आरोग्य केंद्राच्या मॅडम, आणि त्यांना नुसतं मॅडम. माझ्याकडे फवारणी, लसीकरणाचे निरोप, पाण्यात टाकायची पावडर आणि जलसंजीवनीची पाकिटं. एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवायचं आणि जुलाब लागलेल्या मुलाला चमच्याचमच्यानं पाजत राहायचं. सांगायला इतकं सोपं होतं की कुणी ऐकायचं नाही. बाया म्हणायच्या, पोराच्या पोटात पाणी ठरंना आणि तुम्ही आणखी पाणी पाजा म्हणता. जुलाब लागले की पाणी तोडायचं, ही तिथली रीत. माझी पाकिटं कबड्डी खेळणारी पोरं शरबत म्हणून पिऊन टाकत. एका घरात तर लिंबू पिळून तेच माझ्यापुढे ठेवलं. मी प्यायलो. चहापेक्षा बरं होतं.

त्यातच झिंकच्या गोळ्या आल्या. दोन हजार सात-आठचा उन्हाळा असेल. सहा महिन्यांच्या आतल्या मुलाला अर्धी, मोठ्याला एक, चमचाभर पाण्यात नाहीतर आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या चौदा दिवस पुऱ्या करायच्या. चौथ्या दिवशी विचारायला गेलं की आई सांगायची, पोर बरं झालं, आता गोळी कशाला.

त्या वर्षी माझ्या कपाटात पाकिटांची एक पेटी मुदतीच्या काठावर आली होती. पाकिटं वाया गेली म्हणून शेजारच्या उपकेंद्रातल्या एकाला नोटीस आली होती, आणि माझी झोप उडाली होती. अशात वस्तीवरचे आबा आले. त्यांच्या बापजाद्यांनी मेंढरं घेऊन मुलूख पालथा घातलेला. आबांनी जमीन घेतली, ऊस लावला, पण पन्नासेक मेंढरं ठेवली होती. बावीस कोकरांना हगवण लागली होती.

“डॉक्टर, ती मीठ-साखरंची पुडी द्या की. मी गूळ-मीठ पाजतोच, पण तुमची पुडी जोरात हाय म्हंत्यात.”

मी म्हणालो, आबा, ही सरकारची पाकिटं, लहान मुलांसाठी असतात.

“मग माझी काय म्हातारी हायती व्हय?”

मी पेटी काढून दिली. नोंदवहीत मात्र कोकरू लिहायला रकाना नव्हता. कुटुंबप्रमुख म्हणून आबांचं नाव घातलं आणि खाली नातवंडं लिहीत गेलो. कोकरांची वयं आठवड्यांत होती, मी महिन्यांत केली. पाकिटाबरोबर झिंक दिलं की नाही हे वहीत विचारलेलं असायचं, म्हणून गोळ्याही दिल्या. चौदा दिवस पुरे करा, हे सवयीनं तोंडातून गेलं.

आबांनी ते खरं धरलं. रोज सकाळी एकेका कोकराच्या तोंडात अर्धी-अर्धी गोळी विरघळवून घातली आणि भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. बावीस ओळी, दर ओळीत चौदा रेघा. माझ्या सबंध नोकरीत झिंकचे चौदा दिवस चुकवले नाहीत असा तो एकच माणूस. कोकरं सगळी वाचली.

महिन्याचा अहवाल वर गेला. एका वस्तीवर, एका घरात, एकाच महिन्यात सहा महिन्यांच्या आतल्या बावीस मुलांना जुलाब. एका म्हाताऱ्याला एका हंगामात बावीस नातवंडं कशी झाली, हे कुणालाच खटकलं नाही. साथ आली, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात शिरलं. तिसऱ्या दिवशी जीप आली. मॅडम, ड्रायव्हर, पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या, पावडरीचं पोतं. मला पुढे बसवलं, रस्ता दाखवायला.

आबा मेंढरं घेऊन नदीकडे गेले होते. घरी त्यांची सून एकटी. बावीस मुलं कुठं आहेत, मॅडमनी विचारलं. सून म्हणाली, एकच हाय. मॅडम आत गेल्या तर भिंतीवर कोळशाच्या रेघा. त्या इतक्या खूश झाल्या की ड्रायव्हरला हाक मारून दाखवल्या. म्हणाल्या, बघा, याला म्हणतात पाठपुरावा. तेवढ्यात मागच्या आवारातून कोकरं ओरडली. मॅडमनी डोकावून पाहिलं. दूध पाजायच्या बाटल्या, त्यांच्या शेजारी आमच्या पाकिटांची रिकामी वेष्टनं ढिगानं. मॅडम कोकरं मोजायला लागल्या. बावीसवर थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

चौकशी लागली असती. दोन वर्षांनी निवृत्ती होती. मी म्हणालो, “मॅडम, या बाईंनी बावीस मुलं सांगून पाकिटं नेली. मला काय माहीत मेंढरांना पाजतील.”

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. बोलायला तिला वेळ नव्हता. तिच्या मांडीवर आठ महिन्यांची मुलगी होती आणि दोन दिवस तिचे जुलाब थांबत नव्हते. शेजारच्या बायांनी सांगितल्याप्रमाणे तिचं पाणी तोडलं होतं. आवारात कोकरं पोटभर पीत होती आणि घरात लेकरू कोरडं पडलं होतं. मी नंतर आबांना विचारलं की असं कसं झालं. ते म्हणाले, लेकरांचं बाया बघत्यात, मेंढरांचं मी.

मॅडमनी मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी सावकाश खाली बसली. डोळे खोल गेले होते. पाकीट काढा, मॅडम म्हणाल्या. मी पिशवी उलटी केली. लसीकरणाच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि एक शिट्टी. पाकीट नव्हतं. पेटी बावीस नातवंडांनी संपवली होती.

सून उठली, कणगीमागचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात आबांनी राखून ठेवलेली चार पाकिटं आणि झिंकची एक पट्टी होती. आणखी एखादं कोकरू आजारी पडलं तर असू द्यावं म्हणून. लिटरचं माप म्हणून ड्रायव्हरची पाण्याची बाटली घेतली. मॅडम फरशीवर बसल्या आणि चमच्यानं पाजत राहिल्या. आईला म्हणाल्या, मधूनमधून अंगावरही पाज, पाणी कधी तोडू नकोस. मुलीनं एकदा ओकलं. मॅडम दहा मिनिटं थांबल्या, पुन्हा सुरू केलं. दोन तास झाले. मग मुलीनं मॅडमच्या साडीवर लघवी केली. मॅडम इतक्या हसल्या की ड्रायव्हर धावत आत आला. त्याला साडी दाखवून म्हणाल्या, उतरलं बघा पाणी. मुलगी वाचली. पुढच्या रेघा सुनेनं ओढल्या, कोकरांच्या खाली तेविसावी ओळ. तिनंही चौदा पुऱ्या केल्या.

मॅडमनी जाताना सुनेला सगळ्या वस्तीसमोर झापलं. आठवड्यात गावानं म्हण पाडली, ‘लेकराला कोरड आन् कोकराला शरबत.’ ती बाजारात दिसली की माणसं मेंढरासारखं ओरडायची.

जीप आली त्याच संध्याकाळी आबा माझ्या दारात आले होते. मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, “तुमच्यासाठी न्हाई. कोकरं जगली म्हणून गप बसतो.” पुढच्या वर्षी ते वारले. आता तिच्या बाजूनं सांगणारा मी एकटाच उरलो होतो.

माझ्या निरोप समारंभात गावच्या एका पुढाऱ्यानं माईकवरून तोच किस्सा सांगितला. मांडव हसला. ती बायकांत बसली होती, मुलगी मांडीवर. माझ्या गळ्यात हार होता आणि मी हसलो. सगळ्यांपेक्षा जरा मोठ्यानंच हसलो.

गेल्या कार्तिकात तिच्याकडे गेलो. ती खळ्यावर कांद्याची रोपं मोजून जुड्या बांधत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

“डॉक्टर, मला काय सांगताय? मी तिथंच व्हते की. गावाला सांगा.”

मग पारावर गेलो. उभा राहून सांगितलं. नोंदवही, आबांची नातवंडं, वयं, सगळं. लोक पोट धरून हसले. एक जण म्हणाला, डॉक्टरांनी तिची बाजू घेतली, मोठं मन हाय. दुसऱ्यानं माझ्या मुलाला फोन करून सांगितलं की आण्णांना एकदा डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. कोकरांना नातवंडं म्हणून लिहिणारा सरकारी माणूस त्यांना खरा वाटेना. लेकराला कोरडं ठेवून कोकरांना पाजणारी आई मात्र अठरा वर्षं खरी वाटत आली होती.

म्हणून लिहून ठेवतो. त्या महिन्यात त्या वस्तीवर जुलाब झालेलं मूल एक होतं. त्याच्या आईनं माझ्याकडून एकही पाकीट मागितलेलं नव्हतं आणि मी तिच्या दारात ते देऊन, पाणी तोडू नका असं सांगायला गेलो नव्हतो. बावीस नोंदी खोट्या आहेत. अक्षर माझं आहे. हा कागद मी तिच्याकडे नेऊन देणार आहे. तिला वाचता येतं. पारावर कुणी पुन्हा मेंढरासारखं ओरडलं, तर तो कुणाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा ते तिनं ठरवावं.