माझ्या डाव्या पायाची परीक्षा

खेळाडू पारखायचा असला की मी त्याच्या शरीराकडे बघतच नाही. शरीर बघून मी आयुष्यात जेवढा फसलो, तेवढा कोणी सोयरीक जमवतानाही फसला नसेल.

पण गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या कॉलेजच्या ज्या कबड्डी संघाला मी शिकवतो, त्यात एक पकड करणारा होता, त्याच्याकडे न बघून चालतच नव्हतं. काटोलकडचा, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा. उभ्या जागी उडी मारली तर बघणाऱ्यांच्या माना वर व्हायच्या. मोठ्या लीगमधल्या एका संघाचा निवडकर्ता, माझा जुना ओळखीचा, त्याचे व्हिडिओ बघून पागल झाला होता. फोनवर म्हणाला, "सर, लिलावासाठी नाव लावू का याचं? तुमचा एक शब्द पाहिजे. आठ दिवसांत सांगा."

शब्द माझ्या तोंडातच अडकला. कबड्डीत बचाव करणारे जोडीजोडीनं हात धरून उभे राहतात आणि चढाई करणारा कधी चुकतो याची वाट बघतात. हा बापा वाटच बघायचा नाही! समोरच्यानं नुसती हूल दिली की जोडीदाराचा हात सोडून याची झेप. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. समोरचा आरामात बाजूनं निघून जायचा.

मी पोराला फोनचं, त्याच्या उतावळेपणाचं, सगळं सरळ सांगून टाकलं. त्याचा चेहरा उतरला.

"सर, हे शेवटचं वर्ष हाये. कॉलेज सुटल्यावर मले कोण पाहते?"

खरंच होतं ते. सात दिवस मी घसा फाटेस्तोवर ओरडलो, "थांब! थांब रे!" आठव्या संध्याकाळी मीच चढाईला उतरलो. एकेकाळी मी बरा चढाईपटू होतो. आता माझा डावा गुडघा जिना चढतानाही कुरकुरतो. "कबड्डी, कबड्डी" करत मी एक हूल दिली. तो हलला नाही. दुसरी दिली. नाहीच! त्याच्या जोडीदाराला शिवून मी मजेत परत आलो आणि आनंदानं फोनच काढला. शिकला की हो थांबायला!

तेवढ्यात तो जोडीदार, सावनेरचा, एक नंबरचा तोंडाळ, खिदळायला लागला. "सर, थांबला नाही तो. तुमचा पाय धरायले लाजून राहिला!"

कपाळावर हात मारला मी. रोज मॅटवर यायच्या आधी तो वाकून माझ्या पाया पडायचा, हे मी विसरूनच गेलो होतो.

"काहून गा?" मी त्यालाच विचारलं.

"ज्या पायाले रोज हात लावतो, तो ओढू कसा, सर?"

मला राग आला. "अबे, रेषेच्या आत आलो की मी कोणाचा सर नाही! आता लाजला तर फोनवर नाही म्हणून सांगतो."

पुन्हा गेलो. पहिली हूल. थांबला. दुसरी. थांबला, पण आता त्याचे डोळे माझ्या गुडघ्यावर होते. वळायला म्हणून मी डाव्या पायावर भार टाकला. त्यानं जोडीदाराचा हात दाबला आणि दोघं एकदमच आले. घोटा त्याच्या मुठीत, मी मॅटवर आडवा.

"सर, सोडू?"

"दम गेला माझा. सोड आता."

पडल्या पडल्याच फोन लावला. "लावा नाव."

"नक्की?"

"गुडघा सुजून राहिला माझा. आणखी किती नक्की पाहिजे?"

नाव लागलं, आणि लिलावात त्या संघानं त्याला घेतलंही. दुसऱ्या दिवशी तो काटोलहून पहिल्या बसनं माझ्या घरी आला, संत्र्यांची पिशवी दारात ठेवली आणि वाकला. मी डावा पाय मागं घेतला. म्हटलं, "उजव्याले लाव गा, हा अजून दुखते."

त्यानं ऐकलं नाही. दोन्ही हातांनी डावाच घोटा हळूच धरला आणि सोडीचना. मीही सोडवून घेतला नाही.