मुद्देमाल जिवंत आहे

सेवेतल्या कित्येक खुनांचे तपशील आता धूसर झाले आहेत, पण एका रांजणाची घटना मी विसरू शकलेलो नाही. गुन्हा लहान होता, कलम साध्या चोरीचं. त्यातल्या कुणाचंही नाव मी इथे घालत नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. अकस्मात मृत्यूची नोंद झाली नाही असा आठवडा जात नसे. मुद्देमाल खोलीत कीटकनाशकाचे डबे भिंतीला टेकून एकावर एक रचलेले असत. प्रत्येकाला लेबल, लेबलावर मयताचं नाव. त्या खोलीत जायला शिपाईसुद्धा टाळाटाळ करत.

ऑगस्टात एके दिवशी गावातल्या मच्छीमार संस्थेचे सचिव लेखी फिर्याद घेऊन आले. गावचा तलाव मत्स्य खात्याने संस्थेला दिला होता. खातं दरवर्षी त्यात कटला आणि रोहूचं बीज सोडायचं, सभासदांनी जाळ्याने मासे धरायचे, असा व्यवहार. पण एक अट होती. तलावाचा लव्हाळ्याचा कोपरा गावठी माशांसाठी राखून ठेवायचा, तिथे कुणीही मासेमारी करायची नाही. मरळ नावाचा आपल्याकडचा जुना मासा झपाट्याने कमी होत होता. पावसाळ्यात ती त्या लव्हाळ्यात अंडी घालते, म्हणून खात्याने तिथे फलकही लावला होता.

"साहेब, कोपऱ्यातल्या मरळी गायब झाल्या," सचिव म्हणाले. "आमच्याच एका सभासद बाईनं पिल्लं चोरून रांजणात लपवलीत. चार दिवसांनी खात्याची तपासणी आहे. आत्ता चला, मुद्देमालासकट सापडते."

सापडली. भोई समाजाची सत्तरीची विधवा. नवऱ्यामागे संस्थेचं सभासदत्व तिच्या नावावर आलं होतं. रोज उजाडताच ती तलावात जाळं टाकायची, त्यावर तिची चूल पेटायची. गुन्हा शाबीत झाला असता तर सभासदत्व रद्द, आणि त्या पाण्यात तिचं जाळं पुन्हा कधीच पडलं नसतं.

अंगणात कडुनिंबाखाली रांजण होता. आत लाल-केशरी रंगाची, बोटाच्या पेराएवढी पिल्लं घोळका करून फिरत होती. सगळी एकदम वर येत, श्वास घेत आणि एकदम खाली जात.

"कुठून चोरली?" मी विचारलं.

"चोरली नाई, सायेब. उचलली."

प्रत्येक चोर असंच काहीतरी म्हणतो. मी पंचनामा केला, रांजण जप्त केला आणि बैलगाडीतून ठाण्यात आणला. वय पाहून तिला अटक केली नाही. तरी ती गाडीच्या मागे चालत आली. जमादार रांजण मुद्देमाल खोलीत ठेवायला लागले, तशी ती दारात आडवी आली.

"इथं औषिधाचा वास येते. लेकरं मरतील."

"मावशी, मुद्देमाल आहे तो. नियमानं इथंच राहील."

"नियमाले नाक नाई काय?"

जमादार हसले. मला हसू आलं नाही, कारण तो वास मलाही येत होता. रांजण व्हरांड्यात, ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारी ठेवला आणि तशी डायरीत नोंद केली.

दुसऱ्या सकाळी पाच-सात पिल्लं मरून वर आली होती. जमादारांनी प्रेमाने त्यांना पोळी कुस्करून घातली होती. जिवंत मुद्देमाल सांभाळण्याचं प्रशिक्षण आम्हाला कुणी दिलेलं नव्हतं. शेवटी आरोपीलाच बोलावणं धाडलं.

आली ती आधी जमादारांवर उखडली. "काहून गा, तू लहानपणी पोळीच खात होता काय? आधी मायचं दूध पेला असशीन ना?" मग तिने पाणी अर्धं बदललं आणि विचारलं, "वाळवी कुठी भेटन इथं?"

ठाणे अंमलदार गंभीरपणे म्हणाले, "रेकॉर्ड रूममध्ये भरपूर."

थट्टा नव्हती. जुन्या गठ्ठ्यांना वाळवी लागलीच होती. तिने एक गठ्ठा रांजणावर धरून हळूच झटकला. पिल्लं तुटून पडली. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ती यायची, आणि डायरीत रोज एक ओळ पडायची: मुद्देमाल जिवंत आहे.

पहिले तीन दिवस मी तिची पोलिसी पद्धतीने चौकशी केली. खुर्चीवर समोर बसवलं. मरळी कुणी धरल्या, कुठे गेल्या, तुझ्यासोबत कोण? एकच उत्तर, "मले ठाऊक नाई." नजर जमिनीवर, हात मांडीवर. चौथ्या दिवशी माझ्याकडचे प्रश्न संपले होते म्हणून मी नुसता रांजणाजवळ उभा राहिलो. ती वाळवी झटकत होती. हात कामात होते, आणि ती आपणहून बोलू लागली.

"लाल हायेत तोवर माय लागते, सायेब. काळे झाले का आपापले जातात. तोवर माय-बाप दोघं खाली उभे राह्यतात. बेडूक येऊ दे, साप येऊ दे, अंगावर जातात. म्हणून त लेकरावरची मरळ धराले सोपी."

"सोपी कशी?"

"गळाले जिता बेडूक लावाचा न् लेकराईत टाकाचा. ते झडप घालतेच. खायाले नाई येत, हाकलाले येते." ती थांबली. "कोनता भोई हे करत नाई. आमच्यात लेकरावरची मरळ जाळ्यात आली तरी सोडून देतात. म्या सकाळी पाह्यलं तवा लेकरं एकटीच फिरून राह्यली होती. बाकीचे मासे खाऊन राह्यले होते त्याईले. मंग काय करू? उचलली."

"पण गळानं धरली हे कशावरून?"

"व्हट फाटलेला राह्यते ना तिचा. जाळ्यातल्या माश्याचा फाटत नाई."

मी तिथून आत गेलो आणि दार लावून बसलो.

बाराएक दिवसांपूर्वी माझ्या क्वार्टरवर एक मरळ आली होती. पत्नी नुकतीच बाळंत झालेली, पहिली मुलगी, दूध येत नव्हतं. मरळीचा रस्सा बाळंतिणीला चांगला, असं सगळेच सांगत होते. जमादारांनी ओल्या पोत्यातून ती जिवंत आणली होती. मी स्वतः तिला बादलीत पाहिलं होतं. तोंड वर काढत होती आणि वरचा ओठ एका बाजूने फाटलेला होता. मी विचारलं नव्हतं. ठाण्यात दहा रुपयांच्या वस्तूचाही "कुठून आणली" म्हणून जबाब घेणारा मी, घरात आलेल्या माशाबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

जमादारांना बोलावलं. त्यांचा चेहरा पडला.

"सचिवांनी दिली होती, साहेब. म्हणाले, साहेबांच्या घरी बाळंतीण आहे, घेऊन जा. मला वाटलं, त्यांच्या जाळ्यातली असेल."

"आणखी कुणाला दिल्या?"

तालुक्यातल्या तीन-चार कार्यालयांची नावं त्यांनी सांगितली. पावसाळाभर मरळी साहेब लोकांच्या स्वयंपाकघरांत जात होत्या. कोपरा रिकामा झाला, तपासणी तोंडावर आली, तेव्हा सचिवांना एक चोर हवा होता. रांजण त्यांनी आधीच पाहून ठेवला होता.

चोरीचा माल ज्याच्या घरी शिजला, त्याने त्याच चोरीचा तपास करू नये. हे कुठल्या पुस्तकात शोधावं लागत नाही. मी स्टेशन डायरीत स्वतःबद्दल नोंद केली, तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा असा अहवाल लिहिला आणि उपविभागीय अधिकाऱ्यांना फोन केला.

"अहो, वेडे झालात का?" ते म्हणाले. "मासाच तर खाल्ला! कोण विचारतंय?"

"मी विचारतोय, सर."

अहवाल गेला. माझ्या सेवापुस्तकात ठपका आला, आणि तो रास्त होता. नव्या तपास अधिकाऱ्याने माझा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. सचिवांच्या गोठ्यात गळ आणि बेडकांचा डबा मिळाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कबुली दिली. बाईविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल कोर्टात गेला, तिचं सभासदत्व शाबूत राहिलं. मुद्देमाल जिवंत असल्याने तारखेची वाट पाहू नये, असा अर्ज केला होता. न्यायाधीशांनी तो वाचला, चष्मा काढला आणि पिल्लं तलावात सोडण्याचा आदेश त्याच दिवशी दिला.

सोडायला गेलो तेव्हा पिल्लं काळी पडली होती. मत्स्य खात्याचे अधिकारी, दोन पंच आणि जमादार काठावर उभे होते. ती लुगडं खोचून कमरेइतक्या पाण्यात गेली आणि लव्हाळ्याजवळ घमेलं तिरपं केलं. बरीचशी लगेच गेली. काही तिच्या पायांशी घुटमळत राहिली.

"जा ना रे आता," ती पाण्यात हात हलवत म्हणाली. "कायले माझ्यापाशी?"

ती बाहेर आली, पदर पिळू लागली. बाकीचे जीपकडे गेले. अहवालात मी सगळं लिहिलं होतं, पण तिला सांगितलं नव्हतं. फौजदाराने आरोपीपुढे मान खाली घालायची पद्धत आमच्या खात्यात नाही. मी घातली.

"मावशी, त्यातली एक मरळ माझ्या घरी आली होती. माझी बायको बाळंतीण होती. तिनं खाल्ली."

तिचे हात थांबले. तिने तलावाकडे तोंड वळवलं. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

मग तिने विचारलं, "उतरलं काय दूध पोरीले?"

"उतरलं."

"मंग बरं," ती म्हणाली. "पुढच्या खेपेले मले सांगजा. बिनलेकराची पाहून देईन."

पुढे बावीस वर्षं नोकरी केली. जबाब घेताना समोरच्याच्या हाताला त्याचं रोजचं काम द्यावं, माणूस खरं बोलतो, हे मी तिच्याकडून शिकलो आणि शिकाऊ अधिकाऱ्यांना शिकवलं. घरी आलेली भाजीची जुडीसुद्धा "कुठून आली" हे विचारल्याशिवाय आत घेतली नाही. ते जमलं. पण ज्याने आपलं वाईट केलं, त्याच्याच घरच्या बाळाची आधी चौकशी करायची, हे मला अजून जमलेलं नाही.