एका नावाच्या वीस मशिनी

आमच्या साडूंइतका हट्टी माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात झाला नाही, आणि झाला असेलच तर तो साडूंच्याच हाताखाली शिकलेला असणार. बदनापूरला त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. एकच काम दोनदा हातानं करायचं नाही आणि सगळीकडे सगळं सारखं पाहिजे, एवढी दोनच तत्त्वं त्यांनी आयुष्यभर सांभाळली. आमच्याकडे मुक्कामाला आले, की सकाळी उठून आमच्या फळीवरचे डबे त्यांच्या घरच्या क्रमानं लावून ठेवत. त्या नादात बायकोनं एकदा सगळ्यांना मिठाचा चहा पाजला. साडूंनी आपला कप शांतपणे संपवला आणि चूक जुन्या मांडणीची आहे, असा निकाल दिला.

क्लासला परीक्षेचं केंद्र मिळालं, पण वीसही मशिनींवर लिनक्स ही प्रणाली हवी, अशी अट होती. नाहीतर केंद्र जालन्याला जाणार. खेड्यातल्या पाच-सहा बापांनी तर बजावलंच होतं, की तिकडं पोरगी धाडणार नाही. साडूंनी हे फार मनाला लावून घेतलं. तरी वीस ठिकाणी सीडी घालून तीच ती उत्तरं देत बसणं त्यांच्या तत्त्वात बसेना. मशीन सुरू केली की लिनक्स आपोआप चढावं आणि शेवटी साडूंच्या मशीनवरचं सेटिंगचं फोल्डर तिच्यावर जसंच्या तसं उतरावं, अशी व्यवस्था त्यांनी केली. ते जसंच्या तसं उतरलंही. त्यात साडूंच्या मशीनचं नाव आणि नेटवर्कवरचा पत्ताही होता. वीसही जणी स्वतःला साडूंचीच मशीन समजू लागल्या आणि आपसात अशा भांडल्या, की एकही कामाला येईना. परीक्षा परवावर आलेली.

वीसच तर आहेत, हातानं बदलून टाका, असं मी सुचवलं.

"पाव्हणं, आज हातानं केलं तर दर परीक्षेला हातानंच करावं लागंल," साडू म्हणाले. "मंग मी नसलो तर पोरींनी काय करायचं?"

सगळ्यांना लागतं ते एका फोल्डरात आणि जिचं तिचं नाव-पत्ता वेगळ्या छोट्या फोल्डरात, अशी त्यांनी वाटणी केली. वीसही मशिनी पुसून पुन्हा चढवल्या. सातवी रुसली, म्हणून चूक दुरुस्त करून वीसही परत पुसल्या. माझा जीव टांगणीला लागला होता, पण या माणसाला चालवून घेणं ठाऊकच नव्हतं.

परीक्षेला साडूंना आत जायची मनाई होती. कुणी बोलावलं तर धावायचं, म्हणून ते तीन तास बंद दाराबाहेर उभे राहिले. मी खुर्ची दिली, तरी बसले नाहीत. मग पोरी बाहेर आल्या आणि पेपरातल्या प्रश्नांवर वाद घालत बस गाठायला निघून गेल्या. मशिनींबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. साडूंना हवं होतं ते नेमकं हेच, आणि तरी मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

"बिलकुल कुणी हाक न्हाई मारली," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्या रिकाम्या खोलीच्या दारात उभे राहिले.