पंचनाम्यापर्यंतचा चिखल

भांडुपला नाल्याचं पाणी आमच्या गाळ्यांत कमरेएवढं शिरलं, तेव्हा माझ्या चपलांच्या दुकानाशेजारी ब्लाउज शिवणारी एक बाई होती. पाणी ओसरताच मी सगळं धुऊन काढलं. ती मात्र बादली उपडी घालून दारात बसली. हातातल्या पट्टीने माश्या हाकलायची, पण चिखलाला कुणाला हात लावू देईना.

"बाई, वासाने गिऱ्हाईक पळतंय माझं!" मी ओरडलो.

"पंचनामा होऊ द्या, शेठ. गावाला दुष्काळात वाळलेलं पीकसुद्धा असंच उभं ठेवलं होतं आम्ही. सरकारी मदतीला रडून चालत नाही, नुकसान डोळ्यांना दाखवावं लागतं."

पंचनामा करणारे गल्लीत शिरले आणि माझं धाबं दणाणलं. हळूच तिला म्हणालो, "दोन बादल्या चिखल दे. काय घेशील बोल."

"ओतलेला चिखल लगेच कळतो. मग माझाही खोटा ठरेल."

साहेब माझी चकचकीत लादी बघून म्हणाला, "इथं तर काहीच दिसत नाही."

मी भडकलो. तीच मधे पडली. "साहेब, आमची भिंत एकच आहे. पाणी काय माझ्याकडेच थांबलं?"

त्याने तिचं नुकसान लिहिलं आणि माझं दुकान ओलांडून गेला. तो राग अजून उतरलेला नाही.

पुढे ती गाळा सोडून गेली. नाव विचारायचं राहिलं. यंदा पुन्हा पाणी शिरलं. मी दारात उपड्या बादलीवर बसलोय. वासाने शेजारचे शिव्या देतायत. पंचनामावाले अजून आलेले नाहीत.